थंड जनरेटरवरचा डबा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला दुकानातून हाकलून देणारा माणूस मी. वायरमन म्हणून सुरुवात केली, आज नाशकात सोलरचा स्वतःचा धंदा आहे. मीटरवर दिसेल तेवढंच खरं मानतो. तरी हे लिहितोय... घरात ऐकायला आता कोणी नाही म्हणून.

देवळाली कॅम्पच्या रस्त्याला एका मदत संस्थेचं ऑफिस आहे. पूर आला, दुष्काळ पडला की तिथून धान्य, औषधं जातात. माझी बायको शोभा तिथे स्वयंपाक करायची. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच डिझेल जनरेटर. लाइट गेली की सगळा धूर आत. तिचा खोकला वाढत गेला तसा मी तिथे जाऊन भांडायचो — सोलर करा, नफा न घेता बसवून देतो. दरवेळी एकच उत्तर, "पुढच्या बजेटला बघू, काका."

मागच्या पावसाळ्यात शोभा गेली. डॉक्टरांनी धुराचं नाव घेतलं नाही. मी घेतो.

आणि हिवाळ्यात त्यांचाच फोन — सोलर करायचंय! मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "काका, थोडं कमी करा ना, संस्था आहे आमची."

"संस्था तुमची आहे मॅडम, बायको माझी गेली. भाव खाली येणार नाही. आणि तो जनरेटर मला द्यायचा. माझ्या हाताने फोडणार."

त्या खाली बघत हो म्हणाल्या.

ऑफिस सोलरवर चालू झालं. दुसऱ्या दिवशी जनरेटर सोडवला. डिझेल काढलं, बॅटरी काढली, वायरी तोडल्या. दुपारी भाकरीचा डबा मी त्याच्या कव्हरवर ठेवला. सवय हो... आसपास काम असलं की मी तिथेच जेवायचो आणि शोभा माझा डबा चालू जनरेटरवर ठेवून गरम करायची. हात धुऊन आलो, डबा उचलला — चटका बसला! झाकण काढलं तर वाफ...

मालेगावचा सलीमभाई माझा जुना फिटर. त्याच्यावर ओरडलो, "तू गरम केलास?"

"काय शेठ, मी तर वर गच्चीत होतो. किचनला कुलूप हाय." त्याने कव्हरला हात लावला. "हे तर बर्फ हाय, शेठ!"

ऊन म्हणाल, तर त्या शेडमध्ये ऊन येतच नाही.

थोड्या वेळाने त्याने घण पुढे केला. "करायची सुरुवात?"

मला उचलवेना. ज्याला मी तिचा वैरी ठरवलं होतं, त्याच्याच पाठीवर तिने माझं जेवण गरम केलं होतं... मी तिथेच खाली बसलो. रडत रडत सगळा डबा संपवला.

जनरेटर आता माझ्या गोडाऊनमध्ये आहे. भंगारवाले चांगला भाव सांगतात, मी त्यांच्यावर खेकसतो. त्या दिवशी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा — फक्त उष्णतेचं शास्त्र मला शिकवू नका, त्यावरच पोट भरतो.

रोज दुपारी डबा त्याच्यावर ठेवतो. मुद्दाम सावकाश हात धुतो. मग थंड भाकरी खाऊन कामाला लागतो.