नळी बदललेली आहे

तमाम नवी मुंबईकरांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या हिच्या मामांसमोर कुणीही जुनी लष्करी रायफल काढू नये. शक्यतो विषयही काढू नये. उभी हयात त्यांनी सरकारी शस्त्रं दुरुस्त केली आणि आता वाशीत, आमच्या शेजारच्या सोसायटीत, ते खिशात पेनाऐवजी भिंग घेऊन मोकाट फिरतात. संग्रहालयात नेलं, तर काचेला नाक लावून लगेच निकाल : "नळी बदललेली आहे!" कशावरून? तर नळीवरचा नंबर एक, खालच्या लोखंडावरचा दुसरा. नळी काळीभोर, बाकीचं अंग विटलेलं. "जावईबापू, केसांना कलप लावला तरी हात वय सांगतातच!" एका पंधरा ऑगस्टला तर मानवंदना चालू असताना त्यांनी पोलिसाच्या रायफलीवर भिंग रोखलं. मी दंडाला धरून ओढत नेलं, तर वर मलाच म्हणाले, "अहो, निदान नंबर तरी वाचू द्या!"

आणि अशा माणसाला आमच्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीला न्यायचं! न्यावंच लागलं, हिच्या माहेरचं वडीलधारं तेवढंच उरलंय. मुलगा सारसोळ्याचा, लेकीनं स्वतः पसंत केलेला. तिनं मुलाच्या घराच्या दारातच हात जोडले, "मामाआजोबा, प्लीज, आज भिंग नको." मामांनी निमूटपणे भिंग माझ्या हवाली केलं. मी निर्धास्त होऊन आत शिरलो, तर समोरच्या भिंतीवर, हार घातलेल्या फोटोखाली, रायफल!

"आमच्या ह्यांची," मुलाची आजी कौतुकानं म्हणाली. "हीच घेऊन लढले ते. रिटायर झाले तवा पलटनीनं निकामी करून मानानं दिली." मी मामांचा हात दाबला, हिनं चिमटा काढला. मामांनी लाडू खाल्ला, पाणी प्यायले, घाम पुसला आणि शेवटी उठलेच. चष्मा कपाळावर, नाक नळीवर.

"बदललेली आहे."

मुलाच्या वडिलांचा कप हवेतच थांबला. "म्हंजे आमचे बाबा खोटं बोलत होते?" लेकीचे डोळे भरले. मी मनातल्या मनात हॉलचं बुकिंग रद्द केलं.

मामा एकदम ओशाळले. असं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तसं नव्हे हो," ते नळीवरून हात फिरवत पुटपुटले. "उगीच कोण बदलतंय? आतून झिजली की गोळी भलतीकडे जाते, तेव्हाच बदलतात. पहिली नळी यांनी वापरून वापरून झिजवली असेल."

आजी काठी टेकत उठली, फोटोकडे बघितलं, आणि मुलाच्या वडिलांवर खेकसली, "मंग! माजे दोनी गुडगे बदललेले हायत, म्हनून मी काय त्यांची बायको नाय?"