दहावा खलाशी

काळेवाडी ते चाकण या रस्त्यावर जेवढी वादळं झाली तेवढी कुठल्याही महासागरात झाली नसतील, आणि ती सगळी आमच्या कंपनीच्या बसमधल्या काकांनी एकट्यानं उठवली. काका तपासणी विभागात होते, मी स्टोअरमध्ये. सातवीत असताना, बीडकडच्या आपल्या गावी, शाळेत बक्षीस मिळालेली एक जाडजूड सागरी कादंबरी त्यांनी वाचली, आणि नंतर दुसरं काही वाचायची त्यांना गरज वाटली नाही. तीच पुन्हा पुन्हा वाचली. समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून गावचा पाझर तलाव डोळ्यांसमोर धरून सगळी सफर केली. पुढे कंपनीच्या सहलीत अलिबागला खरा समुद्र दिसला तेव्हा दोन मिनिटं बघून म्हणाले, "आमच्या तलावासारखाच आहे. जरा पसरट."

निवृत्तीचं वर्ष लागलं तशी ही कादंबरी त्यांनी बसमध्ये सांगायला घेतली, रोज सकाळी थोडी थोडी. मोशीच्या चौकात गाडी अडकली की "वारा पडला" म्हणायचे. स्पीडब्रेकरला लाट. ड्रायव्हरला कप्तान म्हणायचे, त्यामुळे तोही जरा ताठ बसायला लागला होता. लोक आमची बस मिळावी म्हणून शिफ्ट बदलून घ्यायचे. पेंट शॉपमधल्या एकानं अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं. खरं कारण म्हणजे आदल्या दिवशी बेट दिसलं होतं.

मला यादी केल्याशिवाय राहवत नाही. वहीच्या मागच्या पानावर मी खलाशी लिहून ठेवले होते: नाव, काम, स्थिती. आचारी धरून एकूण दहा. मोठ्या वादळानंतर कप्तानानं उरलेल्या बिस्किटांचे नऊ वाटे केले, आणि जहाजावरचा आचारी तर पुढच्याच वाक्यात सूप ढवळत होता. मी म्हटलं, "काका, खलाशी दहा, वाटे नऊ. जुळत नाही."

काकांनी गोष्ट तिथंच थांबवली आणि चाकण येईपर्यंत खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशीही खिडकीबाहेरच बघत बसले. निवृत्तीला आठ दिवस उरलेले आणि जहाज भर समुद्रात. मागच्या सीटवरून आवाज आला, "मॅडम, स्टॉक कंपनीत मोजायचा ना. इथं कशाला?" दुसरा म्हणाला, "आता आमी घरी काय सांगू, राव? बायको रोज विचारती पुढं काय झालं."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून माफी मागितली. त्यांनी डब्याच्या पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. मधली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली.

"वादळात आचारी वाहून जातो," ते हळू आवाजात म्हणाले. "वाचलं त्या दिवशी जेवलो नाही. पतंगासाठी आईनं खळ करून दिली होती, ती लावून टाकली मधे. तवापासून आचारी हाय जहाजावर. पुढं पुस्तकात वाटे नऊच आहेत. सांगताना दहा म्हणायचं असतं, त्या दिवशी राहून गेलं, मॅडम."

मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझी मोजणी चुकली. वाटे दहाच होते."

"तरी मी म्हणत होतो," मागून कुणीतरी म्हणालं.

काकांच्या शेवटच्या दिवशी जहाज बंदराला लागलं. दहाही जण उतरले. आचारी सगळ्यात शेवटी, कारण भांडी घासायची राहिली होती.

काका आता गावी, तलावाजवळ राहतात. जाताना पुस्तक माझ्याकडे देऊन गेले. मी ते वाचलं. ती दोन पानं वाफेवर धरली तर सुटतील हे मला कळतं, आणि माझं इडलीचं पात्र आठवड्यातून दोनदा शेगडीवर असतं. अजून धरली नाहीत. बसमध्ये हल्ली सगळे मोबाइलमध्ये असतात, पण मोशीला गाडी अडकली की कुणीतरी वर न बघता म्हणतं, "वारा पडला." यादीत आचाऱ्याच्या नावापुढची जागा बरेच दिवस रिकामी होती. अपुरी यादी मला चालत नाही. परवा तिथं पेनानं लिहिलं: हजर.