घरी कोणी आजारी नाही

अंथरुणाला खिळलेली सासू सांभाळत घरून नोकरी कशी करायची आणि ऑफिसला त्याचा पत्ता कसा लागू द्यायचा नाही, हे यशोधराला कोणी शिकवलं नव्हतं. बदलापूरच्या दोन खोल्यांत चार वर्षांत ती आपलं आपणच शिकली.

बाहेरच्या खोलीत ती विमा कंपनीचे क्लेम तपासायची. आत माई. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, घास गिळायला त्रास. चमचाभर पेज द्यायची, मान पुढे झुकवायची, गिळलं का बघायचं, मग दुसरा चमचा. एक वाटी संपायला पाऊण तास. हेडफोन दिसला की माई खोकलासुद्धा दाबून धरत. एकदा चादर ओली झाली, तर अडखळत म्हणाल्या, "साहेब... बोलत होता ना तुझा."

दर सहा महिन्यांनी कंपनीचा फॉर्म यायचा. कामाच्या वेळात घरी कोणाची शुश्रूषा करावी लागते का? यशोधरा 'नाही'वर खूण करायची. 'हो' लिहिणाऱ्या एका बाईला पहिल्याच वर्षी परत ऑफिसात बोलावलं होतं.

मग जूनमध्ये मेल आला. आता सगळ्यांनीच घणसोलीच्या ऑफिसात यायचं, आठवड्याचे पाचही दिवस. सवलत फक्त घरी गंभीर आजारी माणूस असेल तर. यशोधराने त्याच दिवशी माईंचे सगळे रिपोर्ट पाठवले. दोन दिवसांनी तिचा मॅनेजर अभिजीतचा फोन आला.

"मॅडम, डॉक्टर लिहितायत, दोन हजार एकवीसपासून पेशंट बेडवर आहे."

"हो, सर."

"आणि आठ फॉर्मवर तुमचं 'नाही' आहे. हे वर पाठवलं ना, तर सवलत राहू दे, तुमचीच चौकशी लागेल. मी रिपोर्ट बघितलेच नाहीत असं समजतो. सोमवारी या."

तो तिचं भलंच करत होता.

नवरा, नरेंद्र, अंबरनाथच्या कारखान्यात ठेक्यावर होता. ऐकून म्हणाला, "आधीच खरं सांगायचंस ना."

"आधीच सांगितलं असतं तर आधीच जावं लागलं असतं. तेव्हा तू बसणार होतास आईपाशी?"

तो टीव्ही बघत राहिला. घर तिच्या पगारावर चालत होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जवळच्या जांभूळ गावची गोदू माईंना सांभाळायला दिवसा यायला लागली. बाई वाईट नव्हती, पण तिला आणखी दोन घरं होती. अकराव्या दिवशी माईंना ठसका लागला आणि पेज श्वासनलिकेत गेली. न्यूमोनिया झाला, आठ दिवस हॉस्पिटल.

"मी काय करू ताई," गोदू म्हणाली, "गिळतच नाय त्या. एका वाटीला किती टाइम बसू?"

माईंना घरी सोडायच्या दिवशी नरेंद्रने रिक्षा थेट वांगणीच्या वृद्धाश्रमाकडे घ्यायची ठरवली. ठरवलं दोघांनी, बोलला तो. माईंना मात्र कोणीच काही सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये त्यांना बसवलं होतं. यशोधराने त्यांचा निर्जीव हात मांडीवर धरला होता.

"आज... काम नाही तुला?" माईंनी विचारलं.

"नाही. सुट्टी घेतलीये."

माईंचा अर्धा चेहरा हसला. "मग घरी गेल्यावर... तूच भरव. सावकाश."

नरेंद्र बाहेर बघत होता. वांगणीत शिरल्यावर रिक्षावाल्याने कुठे वळायचं विचारलं, तेव्हा यशोधरानेच सांगितलं, "पुढून डावीकडे."