मेथी निवडल्यावानी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — काहून, ते माझं मलाच कळत नाही. पण ऐका.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अमरावतीला हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो. बापाची भाजीची वाडी, आणि माझ्या तोंडात पुणेरी मराठी — मुद्दाम कमावलेली! घरात 'मले-तुले' चाललं की मला लाज वाटायची. अकोल्याच्या साहित्यमंडळानं व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात विषय कळवला: एका नामांकित अमेरिकन गद्यकाराचे साहित्यावरचे निबंध. आणि पुस्तक? मुंबईहून मागवलेलं खरं, पण पहिल्या निबंधापुढची, छापखान्यातून कडेला जोडलेलीच आलेली पानं मी कापलीसुद्धा नव्हती. समजतच नव्हतं हो!

पानं कापली ती ताईनं. माझी थोरली बहीण, मुलींच्या शाळेत मास्तरीण. तिनं पुस्तक दोनदा वाचलं, वही भरली, आणि भाजी निवडता निवडता एकेक निबंध मला उलगडून सांगितला. तिलाही लिहायचं होतं — फार लिहायचं होतं. पुण्याच्या एका मासिकाकडून तिचे लेख परत यायचे, 'भाषा गावंढळ' असा शेरा मारून. हे मला ठाऊक नव्हतं का? नीट ठाऊक होतं.

मग मी काय केलं? तिची वही घेतली, तिच्या 'ले'चा सगळीकडे 'ला' केला, आणि अकोल्यात उभा राहिलो. एक वाक्य तेवढं निसटलं. बोलण्याच्या भरात तिचंच जसंच्या तसं बाहेर पडलं — "हा माणूस शब्द निवडते, मेथी निवडल्यावानी. काडी दिसली का फेकली!"

अहाहा! काय टाळ्या पडल्या! वकील, मास्तर, कापसाचे अडते — सगळे वाहवा करत उठले. अध्यक्ष होते त्याच मासिकाचे संपादक. मांडीवर थाप मारून म्हणाले, त्या साहेबाच्या शैलीवर इतकं नेमकं मी कुठं वाचलं नाही. हे सुचलं कुणाला? त्यानं आमच्याकडे दर महिन्याला लिहावं.

ताई बायकांच्या बाकावर बसली होती. दहा हातांवर. सरळ माझ्याकडे पाहत होती.

"मलाच," मी म्हणालो.

खोटं कशाला बोलू — त्या क्षणी लाज नाही वाटली. छाती फुगली! गळ्यात हार, जो तो हात मिळवतोय... मी जिंकलो होतो. आजही आठवलं की अंगावर मूठभर मांस चढतं. सांगा, याला काय म्हणावं?

गर्दी ओसरली तशी ताई जवळ आली. मला वाटलं, आता हजेरी घेणार. ती म्हणाली, "चांगलं बोलला रे. फक्त मेथीपाशी थोडं थांबाचं होतं. लोकायले हसाले वेळ द्या लागते."

एवढंच. तिचे डोळे भरले होते का? मी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं.

पुढच्या महिन्याचा लेख मी तिलाच विचारून लिहिला. त्याच्या पुढचाही. सात वर्षं चाललं ते. 'ले'चा 'ला' करणंही सोडलं, लोकांना तो 'ले'च तर हवा होता! सभांमधून मला पुढची खुर्ची मिळू लागली. ताई सांगायची, मी उतरवून घ्यायचो, आणि खाली नाव माझं घालायचो.