एक सुताचा उतार

मिस्त्री पूल खेळायला आले की टेबलाकडं बघतच नसत, आधी फरशीकडं बघत. दारात चपला काढायच्या, बाहेरच्या ड्रमातलं तांब्याभर पाणी पायांवर घ्यायचं, आत येऊन सगळ्यांना एक मोठा 'जय भीम' घालायचा आणि मग एक डोळा मिटून, मान तिरपी करून दोन नंबरच्या टेबलाखालच्या शहाबादी फरशीवरून सावकाश नजर फिरवायची. शाळेतून घरी आलेल्या पोरीला बाप जसा न्याहाळतो तसं. फरशी जागेवर आहे अशी खात्री पटली की मग स्टिक उचलायची. पूल पार्लरमध्ये चपला काढून येणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

हे पार्लर गारखेड्यात, एका टायरच्या दुकानामागं. तीन टेबलं आणि चार पंखे, त्यातले अडीच चालू. मालक बब्बूभाई उरलेल्या दीड पंख्याखाली स्वतः बसत, म्हणजे गिऱ्हाईक तक्रार करायला आलं की ते शर्टाची बटणं काढून दाखवू शकत. मी तेव्हा चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला नुकताच लागलो होतो. माल तपासायचा, मोजायचा, केसभर फरक निघाला की परत पाठवायचा, एवढंच काम. पहिली शिफ्ट सुटली की चारच्या आत घरी पोचता यायचं, पण लवकर घरी गेलेल्या नवऱ्याला बायको दळण आणायला पाठवते. म्हणून मी पार्लर गाठायचो. तिथं माझं नाव 'इन्स्पेक्टर' पडलं आणि ते मला आवडलंही, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मला धुतलं. मी कॉलेजात बऱ्यापैकी खेळलेला माणूस. सरळ रेषेत बॉल मारला, तो निम्म्या वाटेपर्यंत शहाण्यासारखा गेला आणि मग हळूच डावीकडं वळून कोपऱ्यात जाऊन बसला. दुसरा मारला, तोही तिथंच. मी टेबलाकडं बोट दाखवलं तेव्हा मिस्त्री अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, बॉल सरळच गेला. तुम्ही वाकडं बघितलं."

नंतर कळलं, की त्या डावीकडच्या कोपऱ्याला सगळे 'पैठण' म्हणतात. शहरातलं सगळं पाणी शेवटी त्याच बाजूला जातं, तसा इथला बॉलही. समोरचा कोपरा 'हर्सूल'. तिकडं बॉल जाता जात नसे, कारण तुरुंगाच्या दिशेनं कोण आपल्या पायानं जाईल? नेहमीची मंडळी हा उतार गृहीत धरूनच खेळत. हर्सूलला मारायचं असेल तर नेम भिंतीवरच्या कॅलेंडरवर धरायचा. नवखा माणूस आला की त्याला यातलं काही सांगायचं नाही, हा पार्लरचा अलिखित नियम. टेबलाच्या पायाखाली बब्बूभाईंनी प्लायवूडचे तुकडे सारून अर्धा उतार मारला होता. आणखी तुकडे घातले की टेबल घसरायचं, म्हणून उरलेला अर्धा तसाच राहिला होता.

मिस्त्रींचा खेळ बघण्यासारखा होता. साठीचा माणूस, नखांत सिमेंट, कानावर पेन्सिल. बॉलला ते कधी जोरात मारत नसत. "मारायचं नाय, सोडायचं," म्हणत. "पाणी कुठून जाईल ते बघायचं अन् तिथून सोडायचं." बॉल निघायचा, रमतगमत जायचा, मधेच एक गिरकी घ्यायचा, आणि आपण श्वास सोडेपर्यंत पैठणला टप्पकन पडायचा. त्यांच्याशी हरणाऱ्यांत वकीलसाहेब पहिले. हे खरोखरच वकील होते. कोर्टात काय करत कोण जाणे, पण पार्लरमध्ये हरलेली प्रत्येक गेम ते पुन्हा चालवायला घेत. "माझा बॉल आत जायच्या बेतात होता," हा त्यांचा नेहमीचा मुद्दा. मिस्त्री ऐकून घेत आणि म्हणत, "व्हय, बेत चांगला व्हता तुमचा."

मिस्त्रींची आणखी एक खोड होती. कुणाच्या कामाला ते नाव ठेवत नसत. आम्ही चहा पीत नव्या रस्त्याला शिव्या घालायचो, वकीलसाहेब शेजाऱ्याच्या जिन्याची टवाळी करायचे, की जिना चढताना माणूस भिंतीवर आपटतो. मिस्त्री बशी खाली ठेवून म्हणायचे, "करणारानं कशापायी केलं, ते आधी इचारावं. मंग हसावं." आम्हाला वाटायचं, गवंडी गवंड्याची बाजू घेतोय.

मग एका एसी क्लबनं आम्हाला आव्हान दिलं. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला नवा क्लब निघाला होता, काचेचं दार, आत गेलं की थंडी वाजायची. तिथल्या पोरांनी निरोप धाडला, की येऊन खेळा. बब्बूभाई पेटले. "मिस्त्री हैं तो क्या डर है जी," म्हणाले, आणि आम्ही चौघं दोन मोटारसायकलींवर बसून गेलो. मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

काय सांगू, अब्रूचा पार कचरा झाला. त्यांचं टेबल सपाट होतं. आम्ही सवयीनं पैठणचा उतार धरून नेम घेत होतो, तो तिथंही धरला, आणि आमचा एकूण एक बॉल पॉकेटच्या वीतभर अलीकडं जाऊन आपटला. मी हरलो, वकीलसाहेब हरले आणि लगेच अपिलात गेले. मिस्त्रींचा तर एकही बॉल पडला नाही. समोरची पोरं आधी चोरून हसत होती, मग उघड हसायला लागली. मिस्त्रींनी वाकून टेबल बघितलं, फरशी बघितली आणि गंभीरपणे निकाल दिला, "ह्यांचं टेबल वाकडं हाय."

त्या रात्री मला झोप लागेना. माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून लेव्हल उचलून आणली, ती बुडबुड्याची पट्टी असते ना, ती. सगळे जमलेले असताना दोन नंबरच्या टेबलावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. मी एक बाजू उचलली, फट मोजली आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, "चार सूत. पूर्ण अर्धा इंच. ही फरशी ज्यानं टाकली त्याला कामच येत नव्हतं. आमच्याकडं असता तर मी पहिल्याच दिवशी रिजेक्ट केला असता."

मिस्त्रींनी हातातला अर्धा चहा खिडकीत ठेवला, स्टिक जागेवर लावली, दारातल्या चपला घातल्या आणि गेले. जाताना फरशीकडं बघितलंही नाही.

"क्या इन्स्पेक्टर साब," बब्बूभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "ये फर्शी उनोंच डाले सो है."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ही जागा त्यांनी पूल पार्लरसाठी बांधलीच नव्हती. त्यांना गाड्या धुवायचं सेंटर काढायचं होतं. फरशीवर पाणी थांबता कामा नये, म्हणून मिस्त्रींनी पंधरा दिवस खपून, एकेक फरशी बसवून कोपऱ्यातल्या मोरीकडं उतार काढला होता. सगळं तयार झालं, बोअर घेतला आणि बोअर कोरडा गेला. दुसरा घेतला, त्यातून नुसता फुफाटा. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात गाड्या काय थुंकीनं धुणार? शेवटी कुणीतरी जुनी टेबलं काढत होतं, ती बब्बूभाईंनी उचलून आणली आणि मोरीवर पत्रा ठोकला. मिस्त्री आपली फरशी कशी आहे ते बघायला एकदा आले, तेव्हापासून येतच राहिले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी नवा, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

मिस्त्री आठवडाभर आले नाहीत. इकडं एसी क्लबच्या हसण्यानं बब्बूभाईंनी फरशी उखडून सपाट करायचं मनावर घेतलं. मला जेवण गोड लागेना. शेवटी पत्ता काढून मिस्त्रींच्या कामावर गेलो. ते एका नव्या घराच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून फरशीवर मगानं पाणी ओतून बघत होते. माफी मागायला ती काही फार मानाची जागा नव्हती. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं."

"कशात चुकलं? चार सूत हाय ना? हायच की. वर चार दिसतंय, खाली फरशीत आठ हाय. मीच दिलंय, मोजून." त्यांनी हातातला मग खाली ठेवला. "मला राग ह्याचा नाय आला साहेब. तुम्ही मोजलं, पर कशापायी हाय ते इचारलं नाय."

मग मी घाबरतच बब्बूभाईंचा बेत सांगितला. मिस्त्री त्या ओल्या फरशीवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "काढायची तर मीच काढीन. दुसऱ्याची पहार लागू देणार नाय. पर एक करा. काढायच्या आधी एकदा तिच्यावर पाणी सोडा. इतकी वरसं झाली, तिनं पाणी बघितलंच नाय हो."

पाण्याची जबाबदारी मी घेतली, घ्यायलाच हवी होती. टँकरवाल्याच्या हातापाया पडून चार ड्रम भरून घेतले. रविवारी सकाळी आठ जणांनी मिळून दोन नंबरचं टेबल बाजूला केलं, बब्बूभाईंनी मोरीवरचा पत्रा काढला. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. चांगलं पाणी जमिनीवर ओतायला निघालेली गडी माणसं बघून त्यांनी आमच्या खानदानाचा उद्धार केला. मोरीचं पाणी मागच्या लिंबाच्या झाडाला जातं, असं वकीलसाहेबांनी त्यांना कायद्याच्या भाषेत समजावून सांगितलं, तेव्हा त्या जास्तच चिडल्या.

मिस्त्री म्हणाले, "सोडा." आम्ही चारी ड्रम एकदम आडवे केले.

पाणी खोलीभर पसरलं, क्षणभर थांबल्यासारखं वाटलं, आणि मग सगळीकडून एकाच दिशेला निघालं. कुठं थबकलं नाही, कुठं डबकं झालं नाही. भिंतीकडून, दाराकडून, टेबलांच्या पायांमधून वाट काढत सगळं पैठणला. आम्ही बॉलची वाट म्हणून जी शिकलो होतो, ती पाण्याची वाट होती. मिस्त्री मोरीपाशी उकिडवे बसले होते, पाणी त्यांच्या पायांवरून आत पडत होतं. बघता बघता फरशी रिकामी झाली. त्यांनी तळवा फिरवून आम्हाला दाखवला. "बघा, वाटीभर बी राहिलं नाय."

बाहेरच्या बायकांतली एक म्हणाली, "असं आमच्या न्हाणीत कुणी करून देईल का?" मला त्या घडीला माझी लाज वाटली, आणि त्या माणसाचा हेवाही वाटला. माझ्या हातून आयुष्यात इतकं बिनचूक काहीच झालेलं नाही.

मग चार दिवस मिस्त्रींनी एकट्यानं फरशी काढली, खाली माल भरला आणि पुन्हा बसवली. माझी लेव्हल मी देऊ केली, तर म्हणाले, "तुमच्या बुडबुड्याचं तुम्हाला लखलाभ." त्यांनी पाणी भरलेली प्लास्टिकची नळी ताणून लेव्हल घेतली. नव्या फरशीवर पहिली गेम वकीलसाहेबांशी झाली आणि मिस्त्री हरले. वकीलसाहेबांनी आनंदाच्या भरात अख्ख्या पार्लरला चहा पाजला, असं पुन्हा कधी घडलं नाही. मिस्त्री त्यानंतर सगळ्यांशीच हरत गेले. आमचे नेम दोन महिन्यांत सुधारले, त्यांचा नाही. तरी रोज चपला काढून आत येत, फरशी बघत आणि खुशाल हरत.

दिवाळीनंतर लेकीनं त्यांना आपल्या घरी, लासूर स्टेशनला नेलं. गुडघे गेले होते, काम होत नव्हतं. जायच्या दिवशी पार्लरमध्ये आले, सगळ्यांना 'जय भीम' घातला आणि मला हात धरून कोपऱ्यात नेलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"साहेब, तुम्ही मोजणार माणूस, म्हणून आधीच सांगतो. एक सूत ठेवलंय."

"कशापायी, मिस्त्री?" या वेळी मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू शहाण्या माणसाला एवढंही कळू नये म्हणजे काय. "उद्या बोअरला पाणी लागलं मंजी?"

त्यांना लासूरला जाऊन तीन वर्षं झाली. बोअरला पाणी लागलेलं नाही. अधूनमधून फोन करतो तेव्हा ते आधी फरशीची खबर घेतात, मग माझ्या बायकोची. कंपनीत मी आजही केसभर फरकासाठी माल परत पाठवतो. पण पार्लरमध्ये मी पुन्हा कधी लेव्हल नेली नाही, आणि ते एक सूत कुणाला सांगितलंही नाही.

परवा वकीलसाहेबांचा बॉल हर्सूलच्या तोंडाशी जाऊन थांबला, जरासा विचारात पडला आणि सावकाश पैठणकडं सरकला. वकीलसाहेब कंबरेवर हात ठेवून टेबलाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इन्स्पेक्टर, ही फरशी अजून वाकडी आहे का हो?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "बॉल सरळच गेला. तुम्ही वाकडं बघितलं."