मला आरव्ही नको होती

मुकुंदला जाऊन आता सात आठवडे झाले. मंगळवार होता. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि फोनवर त्याचं नाव आलं. उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "मेथी नसेल तर पालक आण." पलीकडे तो नव्हताच. आमच्या नेहमीच्या इंडियन ग्रोसरीतले भाई होते. "भाभी, आप आ जाओ. भाईसाब गिर गये. एम्ब्युलन्स बुलायी है." मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा एक तिशीतली डॉक्टर मुलगी बाहेर आली आणि काही बोलायच्या आधी माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसली. ती बसली तेव्हाच मला कळलं. मग कुणीतरी त्याचं जॅकेट, चष्मा आणि ग्रोसरीची पिशवी माझ्या हातात दिली. पिशवीत मेथीच्या दोन जुड्या होत्या. आमची मुलगी गार्गी कॅरीला असते, ती विमान पकडून संध्याकाळी आमच्याकडे नोव्हायला आली तेव्हा मी डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होते. "आई, व्हॉट आर यू डुइंग?" ती दारातूनच म्हणाली. मी म्हटलं, "खराब होईल गं." मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. येईल म्हणतात सगळे... येईल तेव्हा येईल.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. इथल्या मराठी मंडळाने त्याच्यासाठी एक छोटी सभा ठेवली होती. लोक चांगलं बोलले. पण तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली. "काकू, काकांना शेवटी आरव्हीचा कंटाळाच आला होता ना? म्हणायचे, बास झालं फिरणं, आता घर बरं." मी मान हलवली. चहा घेतला. पण ते खोटं आहे. मुकुंदला कंटाळा आलेला नव्हता. कंटाळा मला आला होता, नको मी म्हटलं, आणि त्याने ते स्वतःच्या नावावर सांगून टाकलं. माणूस गेल्यावर निदान एवढं तरी नीट सांगायला हवं, म्हणून हा लेख.

मुकुंद सांगलीचा, मी नागपूरची. इथे अमेरिकेत आलो तेव्हा मी त्याला अहो म्हणत होते. पहिल्याच हिवाळ्यात, बर्फ उपसता उपसता, त्याचा मुकुंद झाला. तीस वर्षं त्याने गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम केलं. खड्ड्यातून गाडी जाताना आतल्या माणसाला कळता कामा नये, एवढंच त्याचं आयुष्यभराचं काम, असं तो सांगायचा. सकाळी साडेसहाला जायचा, अंधार पडल्यावर यायचा. घर मी केलं. पडदे, भिंतींचे रंग, दर ऑक्टोबरला आत आणि दर मे महिन्यात बाहेर जाणारी तुळस, गार्गीच्या उंचीच्या खुणा, सगळं माझं. त्याची कशाला आडकाठी नव्हती, पण त्याचं कशात लक्षही नव्हतं. वीस वर्षं त्याच घरात राहून एकदा त्याने मला विचारलं होतं, "अगं, चमचे कुठे असतात आपल्याकडे?" मी ते मैत्रिणींमध्ये इतक्या वेळा सांगितलं की शेवटी त्या मला थांबवायच्या. सगळ्या हसायच्या, मीही हसायचे.

रिटायर झाला आणि दोन महिन्यांत जुनी, पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन आला. मला विचारलं होतं म्हणे. मी "बघू" म्हटलं असेन, आणि आमच्याकडे बघू म्हणजे नाही हे त्या भल्या माणसाला कधी कळलंच नाही. मी चाकापुढे नारळ फोडला, देव टॉवेलात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवले, कारण खालच्या प्रत्येक कप्प्यापासून संडास हाताच्या अंतरावर होता. गॅस इथे, पलंग तिथे, मध्ये तो संडास. पहिल्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि मुकुंद... दुसऱ्या दिवशी सहाला उठून त्याने चहा केला. चमचे कुठे आहेत ते त्याला माहीत होतं. त्यानेच लावले होते. भांडी घासली, अंथरूण काढलं, गुणगुणत टाकीत पाणी भरलं. आमच्या लग्नाच्या फोटोत सुद्धा त्याचं असं हसू मला दिसलेलं नाही.

चार वर्षं फिरलो. साउथ डकोटा, युटा, मेनचा किनारा. तो कुणाशीही बोलायचा. एकदा एका म्हाताऱ्या जोडप्याला त्याने तासभर चकलीचा सोऱ्या कसा चालतो ते चित्र काढून समजावलं, आणि मग चकलीची भाजणी नव्हती म्हणून शेव करायला लावली मला, त्या दोन शेगड्यांवर. लोकांना तो आवडायचा. मी खुर्ची टाकून बसलेली असायचे आणि येणारी-जाणारी माणसं म्हणायची, युअर हजबंड इज सच अ हॅपी मॅन. मी थँक यू म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

आता नको म्हणण्याबद्दल. आपल्याकडे बायका सरळ नको म्हणत नाहीत, निदान माझ्या वयाच्या तरी नाही. आपण शरीर पुढे करतो. सासरच्या लग्नाला जायचं नसलं की पित्त, नणंद यायची असली की कंबर. मी गुडघे पुढे केले. "पायऱ्या चढवत नाहीत रे आता." तो इंजिनिअर, त्याला वाटलं खरंच पायऱ्यांचाच प्रश्न आहे. आठवड्यात एक जादा पायरी आणि धरायला दांडा बसवला. मग मी पाठ सांगितली, तर नवी गादी आली. मग म्हटलं थंडी बाधते, तर हीटरची हवा माझ्या बाजूला वळवली. प्रत्येक वेळी काम झालं की मला बोलावून दाखवायचा आणि विचारायचा, "आता?" मी म्हणायचे, "बरं आहे." आता मागे बघताना वाटतं, मी दुखणी सांगत गेले आणि तो दुरुस्त करत गेला, यात एक अख्खं वर्ष गेलं.

शेवटी एका मार्चमध्ये तो ओट्याशी नकाशा पसरून उभा होता. न्यू मेक्सिकोला जायचं चाललं होतं. मी म्हटलं, "मुकुंद, मी येणार नाही."

"गुडघा का?"

"गुडघ्याला काही झालेलं नाही. मला नको आहे. आरव्हीच नको आहे."

"का, ते सांगशील?"

"असंच."

"मग मी एकटा जाऊन येऊ?"

"जा की," मी म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजानंतर कुठलाही नवरा गेला नसता. त्याने नकाशाची घडी घातली. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, असोसिएशनला दारात आरव्ही उभी केलेली चालत नाही, सामान भरण्यापुरती तासभर चालते, म्हणून ती नऊ मैलांवरच्या भाड्याच्या जागेतच असायची. ती तिथेच राहिली.

का नको, ते मी त्याला कधीच सांगितलं नाही. इथे सांगते. संडास नाही, गुडघे नाहीत, दर तिसऱ्या दिवशीची बांधाबांधही नाही. मला मत्सर वाटायचा. एका गाडीचा. मी अडतीस वर्षं मर मर मरून जे घर केलं, त्यात हा माणूस पाहुण्यासारखा राहिला, आणि त्या पंचवीस फुटी डब्यात मात्र तो घरच्यासारखा होता. मला तो आनंदी हवा होता, पण माझ्या घरात हवा होता. माझ्या टेबलाशी, माझ्या पडद्यांजवळ. मला वाटलं, ती गाडी बंद झाली की तो आपोआप इकडे येईल. इतका साधा आणि इतका दुष्ट हिशेब होता, आणि तो मी मनातल्या मनात सुद्धा कधी पूर्ण वाक्यात मांडला नव्हता.

त्यानंतर तो चौदा महिने घरी होता. वागायला चांगला होता, कुरकुर नाही, टोमणा नाही. डिशवॉशर रिकामा करायचा आणि वाट्या भलत्याच कपाटात ठेवायचा. खिडकीपाशी बसून पेपर वाचायचा. शनिवारी मात्र जायचा. मी शनिवारी सकाळी लायब्ररीत मराठी शाळेच्या मुलांना शिकवते, दहा ते बारा. त्याच वेळात तो जाऊन आरव्हीचं इंजिन चालू करून यायचा. "बॅटरी उतरते गं नाहीतर." मी सव्वाबाराला घरी यायचे, तो साडेबाराला. मला ते बरंच वाटायचं, एवढ्यावर भागलं म्हणून. एकदा मंडळाच्या पिकनिकमध्ये, माझ्यामागेच उभा राहून, तो कुणाला तरी म्हणाला, "विकून टाकीन म्हणतो. मलाच कंटाळा आला यार." मी हातात प्लेट घेऊन ऐकलं. वळून म्हणू शकले असते की नाही हो, यांना नाही, मला. म्हटलं नाही. सोयीचं होतं मला. भेळ चांगली झाली होती, मी अजून थोडी घेतली.

गार्गी तीन आठवडे माझ्याजवळ राहिली, त्याच्या खोलीत लॅपटॉप लावून काम करायची. जायच्या आदल्या शनिवारी तिने गराज आवरायला काढलं. कचऱ्याच्या डब्यांमागून तिने दोन लाकडी ठोकळे ओढून काढले, जाडजूड, एका बाजूने उतरते कापलेले. "आई, व्हॉट आर दीज? टाकू?" मला काहीच माहीत नव्हतं. मी टाक म्हटलं. शेजारचा डेव्ह पत्रपेटीतून टपाल काढायला बाहेर आला होता, तो आमच्या ड्राइव्हवेत शिरला आणि म्हणाला, ते टाकू नका, ते मुकुंदचे शनिवारचे ठोकळे आहेत.

मी विचारलं, शनिवारचे म्हणजे?

डेव्हने माझ्याकडे बघितलं, मग गार्गीकडे. त्याला वाटत होतं मला माहीत असणार. दर शनिवारी अकराच्या सुमाराला मुकुंद आरव्ही इकडे घेऊन यायचा, असं तो म्हणाला. आमच्याच ड्राइव्हवेत. ड्राइव्हवेला रस्त्याकडे उतार आहे, म्हणून मागच्या चाकांखाली हे ठोकळे घालायचा, आत जाऊन लेव्हल बघायचा, बाहेर येऊन परत सरकवायचा. अर्ध्या-पाऊण तासासाठी एवढा खटाटोप. गाडीचं तोंड घराकडे. मग आतल्या शेगडीवर चहा करायचा आणि पुढच्या सीटवर बसून घराकडे बघत प्यायचा. कधी कधी डेव्हलाही बोलवायचा. तुळशीबद्दल सांगायचा, पडदे शैलाने, म्हणजे मी, स्वतः शिवलेत म्हणायचा, वरच्या खोलीत दाराच्या चौकटीवर गार्गीच्या उंचीच्या खुणा आहेत म्हणायचा.

"मी त्याला एकदा विचारलं," डेव्ह म्हणाला, "बाबा रे, एवढी गाडी इथवर आणतोस, मग घरातच का नाही बसत? तर म्हणाला, डेव्ह, मी सगळा देश हिंडलोय, गाडी लावून मुक्काम करायला याच्यापेक्षा चांगली साइट कुठे मिळाली नाही. फक्त इथे बाराला चेक-आउट करावं लागतं."

डेव्ह हसला. हसू मध्येच थांबलं, कारण मी हसले नव्हते. गार्गी ठोकळा हातात धरून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या आत काहीच हललं नाही... डोक्यात फक्त एवढंच आलं की त्या पडद्यांबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नव्हता, आणि मला त्यांच्याबद्दल कधी विचारायचं सुचलं नव्हतं. आणि मी नको म्हटलेलं होतं, म्हणून मी यायच्या आत तो ती गाडी माझ्या दारातून निमूट घेऊन जायचा.

ठोकळे गार्गीने होते तिथे ठेवले. आरव्ही विकायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. गार्गी फोनवर विचारते, मी म्हणते बघू.

मागच्या शनिवारी मी मराठी शाळेला येत नाही म्हणून कळवलं. अकराच्या जरा आधी ते दोन ठोकळे उचलले, चांगलेच जड आहेत, आणि ड्राइव्हवेत साधारण मागची चाकं येतील अशा अंतरावर ठेवले. गराजच्या दाराशी खुर्ची टाकली. चहा केला होता. डेव्ह त्याच्या खिडकीतून बघत होता, पण आला नाही, ते बरं झालं. मी आधी त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बसले. मग उठून खुर्ची ठोकळ्यांच्या पुढे नेली, जिथे त्याची सीट यायची तिथे, आणि घराकडे तोंड करून बसले. पडदे दिसतात तिथून. चांगलं दिसतं घर. बारा वाजले तशी मी उठले, खुर्ची आत नेली आणि ठोकळे परत डब्यांमागे ठेवले.