पाठ करून

ओलसर जुन्या कागदाचा वास आला की मला लंडनच्या हॅरो भागातला त्या शनिवारचा मराठी वर्ग आठवतो. जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये मला एक डायरी मिळाली होती, सम्राटांच्या काळातल्या चीनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तरांची. त्यांनी लिहिलं होतं की इथली मुलं पाठ म्हणताना माझ्याकडे पाठ करून उभी राहतात, म्हणजे पुस्तकात डोकावता येत नाही. त्याखालीच होतं, पण आज मुलं नऊ आणि आवाज दहा, त्यात दहाव्याचे उच्चार सगळ्यांत शुद्ध. मला गंमत वाटली. मीही माझ्या सहा पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. “म्हणा, माझी आई.” पोरं नेहमीसारखी “माझा आई” म्हणाली, पण त्यांच्यात एक आवाज स्वच्छ “माझी आई” म्हणाला. “बरोबर कोण बोललं?” सगळ्यांनी वळून नकारार्थी माना हलवल्या. धाकटीने दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “ताई, ती आवाज तिथून आली.” तिला सुधारायला मी तोंड उघडणार, तोच खुर्चीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “तो आवाज.” मी अजूनही वर्ग घेते, पण शेवटचं नाव झालं तरी हजेरीची वही लगेच मिटत नाही. कुणाचं तरी ‘हजर’ म्हणायचं राहिलेलं असतं.